घासून काढलेला गरुड

बाबांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याची पट्टी सकाळी दवाखान्यात काढली आणि त्या दिवशी माझा जीव काही थाऱ्यावर नव्हता. दुसरा डोळा कधीचाच गेलेला. फ्रीगंजचे डॉक्टर म्हणाले होते, सध्या धुरकट दिसेल, पण संध्याकाळपर्यंत बारीक दिसायला लागलं नाही तर सरळ घेऊन या. आणि डोळ्यात पाण्याचा थेंबही जाता कामा नये. नानाखेड्याच्या आमच्या घरात मी नुसती आत-बाहेर करत होते. आई म्हणाली, बस गं एका जागी, चक्कर येते तुला बघून.

बाबा बँकेतून रिटायर झालेले, आणि जुन्या नाण्यांचं वेड. त्यातलं सगळ्यात लाडकं म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीची जर्मन चिल्लर, चांदीची, नखाएवढी. हातोड्याने ठोकून पाडलेली, म्हणून काठ वाकडे आणि वरचा गरुडाचा छाप एका बाजूला सरकलेला. झिजलेला तो गरुड दिसायचा केवळ खाचांत बसलेल्या काळपटपणामुळे. ते नाणं पाडणारं शहर म्हणे आपला कारभार आपणच बघायचं, बादशहा नावापुरता. "आपल्यासारखंच," बाबा म्हणायचे. "इथला राजा महाकाल, पण नळाला पाणी का नाही ते आपणच बघायचं."

संध्याकाळी ते म्हणाले, "आण गं माझा गरुड. त्याच्यावरूनच कळेल."

मी डबी न उघडताच आणून दिली. खिडकीशी बसून त्यांनी ते नाणं जवळ धरलं, लांब धरलं, उलटं केलं. मग मांडीवर ठेवून दिलं.

"तुझं तोंड दिसतंय," ते हळू म्हणाले, "पण बारीक काही उरलं नाही. गेला हाही."

मी ऑटोवाल्याला फोन लावला, चपला घातल्या, दवाखान्याची फाइल कुठे गेली म्हणून उगाच आईवर खेकसले. ती हात पुसत बाहेर आली. दिवाळी तोंडावर होती, लक्ष्मीपूजनाची चांदी ती सकाळपासून रांगोळीने घासत बसली होती.

"अहो, बघितलंत का?" ती कौतुकाने म्हणाली. "केवढं काळं पडलं होतं तुमचं ते नाणं. म्हटलं, नवीन डोळ्याने बघाल तर चकचकीत बघा."

मी नाणं झडप घालून उचललं. माझे डोळे शाबूत आहेत, मलाही काही दिसेना. गुळगुळीत, नुसती चांदीची टिकली. असा संताप आला आईचा, आणि त्याच वेळी तिला मिठी मारावीशी वाटली.

"बाबा," मी म्हटलं, "डोळा ठीक आहे. गरुडच गेलाय."

त्यांनी नाणं परत हातात घेतलं, काठावरून बोट फिरवलं, आणि आईकडे बघितलं. तिचा चेहरा पार उतरला होता.

"म्हणजे डोळा वाचला," ते म्हणाले, आणि रडायला लागले. मी ओरडत होते, बाबा, पाणी नको, डोळ्यात पाणी नको म्हटलंय डॉक्टरांनी. आई पदराने त्यांचा गाल टिपत होती, आणि दारात ऑटोवाला हॉर्न वाजवत होता.