ट्रम्पेटची जागा

आमच्या घरातली चूल लग्नांवर पेटायची, तीही दुसऱ्यांच्या. बाबा तेलंगणातल्या आदिलाबादच्या एका बँड पार्टीत ट्रम्पेट वाजवायचे. लग्नसराई असली की घरात तेल, साखर, माझ्या वह्या यायच्या. पावसाळा लागला की लग्नं बंद, मग आई लोकांच्या कापसात निंदायला जायची. तरी भागत होतं. पुढं डीजे आले. एक गाडी आणि चार भोंगे, साऱ्या बँडचं काम गेलं. मालकानं वाद्यं मोडीत घातली. बाबांनी तेवढं आपलं ट्रम्पेट मागून घेतलं आणि मार्केटात हमाली धरली. त्या वर्षी आम्ही ज्वारीच्या कण्या इतक्या खाल्ल्या, की अजून मला त्यांचा वास सोसत नाही. संध्याकाळी बाबा ट्रम्पेट काढून पुसायचे, पण घरात वाजवायचे नाहीत. "लोक म्हणतीन, कोणाची वरात आली."

तशातच मी शिकले. बी.ए. झाले, आमच्या घरात पहिली. हे मी कोणालाही सांगते. ज्याला ते मिरवणं वाटतं त्याला वाटू दे.

कॉलेजात मी कीबोर्ड शिकले. तिथंच तिघं भेटले: एक ड्रमवाला, एक बास गिटारवाला, एक काँगा, म्हणजे हातानं वाजवायचे उंच ढोल, वाजवणारा. फोनवर ऐकून ऐकून आम्हा चौघांना खूळ लागलं होतं. अमेरिकेतलं सोल आणि फंक, क्यूबाकडचे लॅटिन ठेके, आफ्रिकेतले ताल, आणि शब्द आपले, मराठी नि तेलुगू. असा बँड इकडं नव्हता, म्हणून आम्हीच काढला. पण आम्ही जे ऐकायचो त्यात पितळी वाद्यं असायचीच आणि आमच्यात एकही नव्हतं. मी म्हटलं, "आमच्या घरी आहे."

सराव एका दुकानाच्या माडीवर चालायचा. बाबा पहिल्या दिवशी कोपऱ्यात बसून ऐकत राहिले. मग मला म्हणाले, "माय, हा ठेका पडून राह्यला का उठून राह्यला? पाय कुठं टाकाव माणसानं?"

ड्रमवाला तेलुगू घरातला, पण मार्केटात मराठी हमालांच्या पोरांत वाढलेला, त्यामुळे मराठी पक्की. तो म्हणाला, "पाय नका टाकू काका. बसून वाजवा."

"बसून? बसून तं जेवतात."

खरंच त्यांना बसून जमेना. साऱ्या जन्मात ते चालता चालताच वाजवत आले होते. शेवटी उठले, खोलीतल्या खोलीत चकरा मारायला लागले, आणि तिसऱ्या चकरेला त्या ठेक्यात असे शिरले की काँगावाला हसायलाच लागला.

"वरात निघाली!" ड्रमवाला ओरडला. "काका, नवरदेव कुठं सोडला?"

"नवरदेव तूच. पण तुले पोरगी कोण देईन?"

एका गाण्यात मधेच सगळं थांबायचं, फक्त बास आणि काँगा चालू राहायचे. तिथं ट्रम्पेट. ती जागा बाबांची ठरली. फंक्शन हॉलमधला पहिला कार्यक्रमही ठरला.

"लोक खुर्चीवर बसून आयकतीन?" बाबांनी विचारलं.

"आयकालेच येऊन राह्यले बाबा."

 त्या रात्री ते आईला म्हणाले, एकदा असं व्हाव, नवरदेवासाठी नाही, आपल्यासाठी लोक यावे. आईनं त्यांचा पांढरा शर्ट धुवून ठेवला.

त्यांचे समोरचे दात हलत होते. शुगरमुळं हिरड्या गेल्या होत्या. दाताचा डॉक्टर म्हणाला, लवकर काढा. बाबा म्हणाले, "प्रोग्राम होऊ द्या, मंग सारेच काढा." एका बाजूनं चावून खात राहिले. कार्यक्रमाला दोन आठवडे उरले असताना तोंड सुजलं, ताप चढला. वरचे समोरचे चार दात काढावेच लागले.

जखम थोडी भरली तसं त्यांनी ट्रम्पेट तोंडाला लावलं. ओठांना मागून आधारच उरला नव्हता. नुसती हवा. पुन्हा लावलं, पुन्हा हवा. आई भांडी घासत होती, तिनं हात थांबवले होते. बाबांनी ट्रम्पेट फडक्यात गुंडाळलं.

ड्रमवाल्यानं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, कीबोर्डात ट्रम्पेटचा आवाज असतो. मी म्हटलं, नाही, ती जागा रिकामी राहील. घरी येऊन बाबांनाही तेच सांगितलं.

"रिकामी काऊन?" तोंडावर रुमाल धरून ते बोलले. "बटन दाब."

"ते खोटं वाजते बाबा."

"मले मालूम आहे. पण लोकायनं अर्धं गाणं आयकून जाव काय?"

कार्यक्रमाला बाबा तोच पांढरा शर्ट घालून आईशेजारी बसले. ती जागा आली. मी बटन दाबलं आणि त्यांचे सूर वाजवले, त्यांनी बसवले होते तसेच. स्वच्छ वाजले. मधे कुठंही दम घेतल्याचं ऐकू आलं नाही. टाळ्या पडल्या. मी बघितलं तर बाबा खाली पाहत होते. कोणीतरी त्यांच्या पुढून जात होतं, त्याच्यासाठी त्यांनी पाय आखडून घेतले. नंतर जेवताना ते "बरं झालं" एवढंच बोलले.

आता आमचा बँड निर्मलला, नांदेडलाही जाऊन आला आहे. घर माझ्या नव्या नोकरीच्या पगारावर आणि बँडवर चालतं, बाबांची हमाली सुटली. कवळीवर फुंक टिकत नाही; आमच्या बँडच्या एकाही कार्यक्रमात ते वाजवू शकले नाहीत.