चौदावा सरदार

"गाव कळलं हो तुमचं. पण गावात नेमकं कुठे?"

भर झूमवर, सगळ्यांसमोर विचारलं. विचारणारे महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष, सिडनीतले मोठे डॉक्टर.

मी सिडनीजवळच्या वॉलॉंगॉंगला, खोलीत एकटा. लॉकडाउन लागायच्या आधीच घरात भाड्याने राहणारी बाकीची पोरं इंडियाला पळालेली. तीन आठवडे मराठीत तोंड उघडलं नव्हतं. त्यामुळे मंडळाने रविवारी बोलायला बोलावलं तेव्हा येड्यासारखा खूश झालो. वर इस्त्रीचा शर्ट, खाली हाफ पँट. विषय माझ्या पीएचडीचा: दक्षिण आफ्रिकेतल्या झुलूंचं राज्य कसं संपलं.

सांगत होतो, इंग्रजांनी लढाई जिंकली, राजाला पकडून बोटीने दूर नेलं. मग राज्याचे तेरा तुकडे केले. प्रत्येकावर मर्जीतला एक सरदार बसवला. अट एवढीच, सांगू तसं वागायचं. मग काय, भाऊ भावाच्या उरावर बसला.

तेवढ्यात हा प्रश्न.

"गावाबाहेर," मी म्हणालो. "बौद्धवाड्यात."

"अरे वा. छान, छान," डॉक्टर हसले. आणि मला म्यूट केलं. मी बोलतोय, ओठ हलतायत, आवाज नाही. एक ताई भावगीत म्हणायला लागल्या. माझं राहिलेलं कुणी विचारलंसुद्धा नाही. लाज वाटली. आणि लाज मला का वाटावी, याचा संताप आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन. "मनाला लावून घेऊ नकोस रे. तुला कमिटीत घेतो. फक्त ते वाडाबिडा काढू नकोस, लोक अनकम्फर्टेबल होतात."

"मी कुठे काढला? तुम्ही विचारलंत."

"बरं, सोड ना. येतोस का कमिटीत?"

खोटं कशाला बोलू, हो म्हणावंसं वाटलं. कमिटी म्हणजे फोन, घरचे डबे, माणसं. मला माणसं हवी होती. पण समोर टेबलावर माझेच कागद पडले होते, त्यात त्या तेरा सरदारांची यादी.

"चौदावा सरदार मी होणार नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्यूट करायच्या आधी नीट ऐकलं असतंत तर कळलं असतं."

फोन ठेवला. त्यानंतर मंडळातल्या कुणाचाच आला नाही. त्या दिवशी वरणभात केला, एकट्याने खाल्ला, आणि ताटावरच रडलो.

आता कुणी गाव विचारलं की वाडा मीच आधी सांगतो. मग माझं बोलणं शेवटपर्यंत बोलतो. ऐकायला कुणी नसलं तरी चालेल. पण वाड्याचं नाव गिळून मिळणाऱ्या खुर्चीवर मी बसणार नाही.