बायोलॉजी सोडण्याचा अर्ज

लातूरच्या कॉलेजात लेकीचा प्रवेश घ्यायला गेलो, तेव्हा खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "ग्रुप कोणता? गणित की बायोलॉजी?" आमचे हे म्हणाले, "दोन्ही द्या." जसे काही दुकानातून साखर आणि पोहेच घ्यायचे होते. रांगेतले बाकीचे पालकही तेच म्हणत होते, म्हणून मीही गप्प बसले. डॉक्टरकी नाही जमली तर इंजिनिअरिंग, असा सगळ्यांचा विचार. पोरांना काय हवंय, ते विचारायचं राहूनच गेलं.

लेकीसाठी मी अर्धापूरचं घर सोडून लातुरात एका खोलीत राहायला आले. हे केळीच्या बागेपायी गावीच राहिले. पोरीचं सकाळी कॉलेज, दुपारी गणित-फिजिक्सचा क्लास, संध्याकाळी बायोलॉजीचा, रविवारी टेस्ट. गल्लीत खोलीखोलीत माझ्यासारखीच एकेक आई डबे भरत बसलेली. "तुमचीला किती पडले?" याशिवाय आमच्यात दुसरं बोलणं नव्हतं. मला त्या प्रश्नाची चीड यायची आणि मीही तोच विचारायचे.

दिवाळीपर्यंत पोरगी मुकी झाली. गावी असताना जिची टकळी बंद व्हायची नाही, ती आता "हं" आणि "नको" एवढ्यावर आली. केस मूठमूठ गळायचे. मी तेल बदललं, बदाम भिजवले, अभ्यासात असं होतंच म्हणून स्वतःची समजूत घातली. आज आठवलं तरी माझा मलाच राग येतो.

मग कॉलेजात नोटीस लागली. ज्यांना एक विषय सोडायचा आहे, त्यांनी पालकाची सही घेऊन शनिवारी पाचपर्यंत अर्ज द्यावा. पोरीने अर्ज आणला, नाव-गाव सगळं भरलं आणि कोणता विषय सोडायचा ती ओळ तेवढी कोरी ठेवली.

"तूच लिही, आई."

"मला त्यातलं काय कळतंय?"

तिने अर्ज माझ्याकडे सरकवला. तिची अडचण मला माहीत होती. बापाला पोरगी डॉक्टर झालेली बघायची होती. भाकरी थापता थापता मी विचारलं, "उद्यापासून कोणत्या क्लासला न्हाई गेलं तर तुला बरं वाटंल?"

"बायोच्या," ती लगेच म्हणाली आणि रडायलाच लागली. "मला गणितच करायचंय, आई. पुढची एन्ट्रन्सपण त्याचीच द्यायचीय. पप्पांना कसं सांगू?"

मीच फोन करून सांगितलं. पलीकडून "येतो मी" एवढंच उत्तर आलं. शनिवारी दुपारी हे हजर. मी पदर खोचून भांडायच्या तयारीत होते, चार वाक्यं तर पाठच केली होती. यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चटईवर बसले आणि लेकीला म्हणाले, "काय हाय गं त्या गणितात एवढं? दाखव मला."

पोरीने घाबरतच वही उघडली. आधी अडखळली. मग पेन्सिल चालायला लागली तशी जीभही चालायला लागली. ही पायरी अशीच का येते, इथं चुकलं तर कळतं कसं, सरांची रीत सोडून तिने आपल्या रीतीने उत्तर कसं काढलं, सगळं हातवारे करून सांगत होती. मध्येच हसलीसुद्धा. सव्वाचार वाजले तरी थांबेना. हे मात्र वही सोडून तिच्या तोंडाकडेच बघत होते.

"कळलं का, पप्पा?"

"काहीच न्हाई कळलं," हे म्हणाले. "पेन आण."

पोरीने कोऱ्या ओळीत 'बायोलॉजी' लिहिलं, त्यांनी खाली सही केली आणि माझा जीव भांड्यात पडला. पोरगी अर्ज घेऊन पुढे पळाली. तिच्या मागे निघताना, चपला घालत हे मला हळूच म्हणाले, "लई दिवसांनी एवढं बोलली गं ती. डॉक्टर काय, आपल्याला दुसरा मिळंल."