साहेबांची भूक, साहेबांची घाई

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आबांचे. ग्वाल्हेर दरबारच्या पत्रव्यवहार शाखेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ टोपी बाजारात कापडाच्या एका दुकानाच्या माडीवर राहत. तरुणपणी मुंबईत ते एका पाद्र्याकडून स्पॅनिश शिकले होते. साऱ्या नोकरीत ती एकदाच कामी आली, घोड्यांच्या खरेदीच्या पत्रापुरती.

तेव्हा मध्यभारत मोडून नवा मध्य प्रदेश होणार होता. मी कारकून होतो ती ग्वाल्हेरची कचेरी भोपाळला निघाली होती. दप्तरे पोत्यांत बांधली जात होती आणि बदल्यांची यादी रोज ‘उद्या’ लागत होती. वडील संस्थानच्या फौजेत हवालदार होते; फौज विलीन झाली तेव्हा ते घरी बसले. ते बसणे मी पाहिले होते. शिवपुरीच्या शाळेत शिकलेला मी घराण्यातला पहिला पदवीधर. दोन वर्षे आबांकडे हौसेने स्पॅनिश शिकायला जात होतो. मग दिल्लीच्या एका कार्यालयाला स्पॅनिश जाणणारा कारकून हवा असल्याची जाहिरात आली आणि हौसेची घालमेल झाली.

आबा म्हणाले, “एकच क्रियापद घट्ट धर. तेनेर, म्हणजे जवळ असणं. आपल्याला भूक लागते, घाई होते, भीती वाटते. ते लोक हे सगळं जवळ बाळगतात.”

तेनेर आंब्रे, भूक. तेनेर प्रीसा, घाई. तेनेर मिएदो, भीती. तेनेर गानास, मनापासूनची इच्छा. कचेरीच्या रिवाजाने कागद आखून मी चाळीस वाक्ये लिहिली. जिन्यात, सायकलवर, पाटणकर बाजाराच्या गर्दीत पुटपुटत राहिलो. एका जागी बसवत नव्हते.

आबांनी कागद वाचला. “साहेबांना भूक आहे. साहेबांना घाई आहे. अरे, सगळं साहेबांनाच? तू जेवतोस की नाही?”

“वरिष्ठांपुढे स्वतःचं कसं सांगायचं, आबा?” शिपायाने आपली भूक बोलायची नसते, हे मला वडिलांनी शिकवले होते.

“दरबार गेला ना. अब तो बोल.”

मी मान डोलावली आणि कागद तसाच पाठ केला.

दिल्लीत परीक्षकांनी स्पॅनिशमध्ये विचारले, भीती वाटते का? मी अदबीने उत्तर दिले, साहेबांना भीती नाही. ते हसले. “माझं राहू द्या, तुमचं सांगा. ग्वाल्हेर का सोडता?” शब्द येत होते. मी पुन्हा साहेबांचीच पाठ केलेली वाक्ये म्हणत राहिलो.

नकार आला त्याच आठवड्यात भोपाळच्या यादीत माझे नाव लागले. आबांना न भेटताच निघालो. घाई होती असे घरी सांगितले. खरे तर तोंड दाखवायची लाज वाटत होती. भोपाळहून मी त्यांना लिहिले:

“तीर्थस्वरूप आबा, नमस्कार. दिल्लीची जागा गेली. प्रश्न कठीण नव्हते. त्यांनी माझ्याबद्दल विचारले आणि मी साहेबांबद्दल सांगत बसलो. आज कागद पुन्हा आखला आहे, तो सोबत पाठवत आहे. त्यात साहेब कुठेच नाहीत, सगळीकडे तेंगो, म्हणजे माझ्याजवळ आहे. तेंगो आंब्रे, खाणावळ अजून लावलेली नाही. तेंगो मिएदो, वडिलांसारखा मीही एक दिवस घरी बसेन, याची. तेंगो गानास, सुट्टीत तुमच्याकडे येऊन पुढचे क्रियापद शिकण्याची. चुका लाल शाईने दाखवून कागद परत पाठवावा.”