पलूसच्या विहिरीचा निवाडा

सत्तरच्या दशकात सांगलीच्या कोर्टात मी नवा वकील होतो. माझी अशील एक तरुण विधवा होती. दिराने तिला सामाईक विहिरीचं पाणी बंद केलं होतं. पलूसकडच्या अशाच एका खटल्यात हायकोर्टाने विधवा सुनेचा हक्क मान्य केला होता. हायकोर्टाचा निवाडा खालच्या कोर्टांवर बंधनकारक असतो, म्हणून मी तो मोठ्याने वाचून दाखवला. न्यायाधीशांनी तोच धरून पाणी सोडण्याचा हुकूम दिला.

अशिलाला घेऊन बाहेर आलो, तर मागच्या बाकावर बसलेली एक म्हातारी पदर सावरत जवळ आली. कसल्याशा कागदाच्या नकलेसाठी ती कोर्टात आली होती.

"आवं वकीलसायेब, आमच्या हिरीचं कशापायी वाचलं?"

निवाड्यातली सून तीच होती. तिचं नाव तिथे छापलेलं आहे, इथे लिहीत नाही. निवाड्यामागे असं माणूस असतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी म्हटलं, "आजी, तुमचा निकाल आता राज्यातल्या सगळ्या कोर्टांना पाळावा लागतो."

"समद्या?"

"सगळ्या."

ती तळहाताच्या भेगा चोळत उभी राहिली. "अकरा वर्सं खेटं घातलं. निकाल लागला तवा हिर आटली हुती. लोक म्हनायचे, काय मिळवलंस?"

मग तिने माझ्या अशिलाच्या गालावरून हात फिरवला.

"तुज्या हिरीला पानी हाय न्हवं?"

पोरीने मान डोलावली.

"मग हितं कशाला थांबलीस? जा बाई बिगीनं, ऊस वाळत असंल."