विचारलं तेवढंच

आमच्या समोरच्या खिडकीतले गुळणीभाऊजी. नाव मीच ठेवलंय. तोंडात सदा मिठाची गुळणी धरल्यासारखे असतात, म्हणून. त्यांना विचारा, "हातोडी आहे का हो?" 'हो' नाही, 'नाही' नाही. थोड्या वेळाने हातोडीसकट दारात हजर, आणि माझ्या भिंतीत खिळा ठोकून मोकळे! मला अक्रोड फोडायचे होते.

संध्याकाळी त्यांच्या खोलीत दिवा लागत नाही. काळ्या स्क्रीनवरची हिरवी अक्षरं तेवढी चष्म्यात तरंगत असतात, पडदा वाऱ्याने हलतो आणि भाऊजी पाण्याखाली बसल्यासारखे दिसतात. मी भाजी निवडता निवडता बघत राहते. चोरून नव्हे हं. खिडकीच समोर आहे, त्याला मी काय करू?

ते करतात काय, हे वहिनींनी सांगितलं. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक पॅकेजची व्याख्या लिहिलेली असते: आत काय आहे, कुठून आणायचं, कसं बांधायचं, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम कसा तयार करायचा. ती शोधायला डेव्हलपर मंडळी फायलींच्या ढिगात डोकं खुपसून बसतात. भाऊजींचं स्वप्न असं, की शेलमध्ये, म्हणजे त्या काळ्या स्क्रीनवर, एक कमांड टाइप करावी आणि पॅकेजने झोपेत बोलल्यासारखं हळूच सगळं सांगून टाकावं. कित्येक महिने माणूस त्यातच हरवला होता.

परवा वाटीभर साखरेच्या निमित्ताने मी तिकडे टपकले, तर दोघांचे चेहरे उतरलेले. ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी कमांड परत पाठवली होती. एका पॅकेजला त्यांनी 'तुझ्यात काय आहे?' एवढंच विचारलं, तर कमांडने ते अख्खं पॅकेज बांधायलाच घेतलं! दुपारभर बाईंच्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. रात्रीपर्यंत सुधारलं नाही, तर नव्या आवृत्तीत भाऊजींच्या कमांडला जागा नाही.

"बांधून, उघडून पाहिल्याशिवाय खात्रीने कसं सांगणार?" भाऊजी पुटपुटले. त्यांचं एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

वहिनी फिसकन हसल्या. "अहो, तुमची कमांड अगदी तुमच्यावर गेलीय! विचारलं तेवढं सांगायचं नाही, आधी खिळा ठोकायचा."

"आणि माझे अक्रोड तसेच," मी तेल ओतलं.

भाऊजींनी चष्मा सावरला. मग खुर्ची पुढे ओढली. "व्याख्येत लिहिलेलंच आहे की. नुसतं वाचून दाखवायचं. बांधायचं नाही."

बोटं चालू लागली. बाहेरचं आभाळ जांभळं होत होत खोलीत उतरलं. आम्ही दोघी मागून डोकावत होतो. शेवटी त्यांनी एका पॅकेजचं नाव टाइप केलं. पंखा घरघरला नाही. व्याख्येतल्या काही ओळी तळातून अलगद वर आल्या आणि थांबल्या.

कमांड त्यांनी बाईंना पाठवली आणि जेवणाआधीच उत्तर आलं: 'नव्या आवृत्तीत घेतली.'

उठताना मी विचारलं, "भाऊजी, साखर आहे का हो घरात?"

"आहे," ते म्हणाले, आणि स्क्रीनकडे बघून गालात हसत बसून राहिले.

रिकामी वाटी घेऊन मी घरी आले.