मुद्देमालाला खोबरेलाचा वास

ते प्रकरण डोक्यात आलं की मला आधी खोबरेल तेलाचा वास येतो, माणसं नंतर आठवतात. मिशिगनमध्ये, नोव्हायजवळच्या एका पोलीस ठाण्यातून मी डिटेक्टिव्ह म्हणून निवृत्त झालो. शाळकरी वयात आईवडिलांबरोबर नाशिकहून इथं आलो आणि बरोबरीची सगळी मुलं इंजिनिअर होत असताना मी पोलिसात गेलो. ठाण्यात मराठी बोलणारा मी एकटाच. त्यामुळे काउंटरवर कुणीही देशी माणूस आला की सार्जंट त्याला थेट माझ्या टेबलाकडे पाठवायचा. बहुतेक वेळा तो माणूस तेलुगू निघायचा.

त्या दिवशी मात्र आले ते खरोखर मराठी होते. मूळचे नागपूरचे, निवृत्त डॉक्टर. आमच्या महाराष्ट्र मंडळात सगळे त्यांना काकाच म्हणायचे. काकांना जुन्या बंदुकांचा नाद. नुसता जमवायचा नाही, चालवायचाही. दर शनिवारी ते गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबच्या मैदानावर जायचे, नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायचे, चिंधीत गुंडाळलेली गोळी गजानं ठासायचे आणि एका बाराला एवढा पांढरा धूर काढायचे की निशाण लागलं की नाही हे कळायला वाट बघावी लागे. सोबतीला कायम एकच माणूस असायचा, इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक अमेरिकन मास्तर. काकांच्या बंदुकांची डागडुजीही तेच हौसेनं करायचे.

"अरे, त्यानं माझी रायफल चेंज केली," काका बसायच्या आधीच म्हणाले. "ओरिजिनल ठेवून घेतली आणि मला कॉपी दिली. इतक्या वर्षांचा फ्रेंड यार, आणि असं चीटिंग?"

मी रीतसर जबाब लिहून घेतला. रायफल दीडशे वर्षांहून जुनी. तिचा घोडा ढिला झाला म्हणून काकांनी ती मास्तरांकडे दिली होती. काका नागपूरला गेले असताना मास्तरांनी ती दुरुस्त करून पेटीसकट काकूंच्या हाती दिली. काका परतायच्या आधीच काकू मुलीच्या बाळंतपणाला टेक्सासमधल्या फ्रिस्कोला गेल्या. काकांनी घरी येऊन पेटी उघडली, तर आत नवी कोरी, लखलखीत रायफल. जाणकार माणूस अशा बंदुकीचा काळपट तपकिरी रंग जिवापाड जपतो. तो रंगच तिचं वय सांगतो आणि तो गेला की तिचं मोल गेलं. एवढ्या जुन्या बंदुकांना क्रमांकही नसतो, म्हणजे कागदावर ताडून बघायचीही सोय नाही.

"काकूंशी बोलायला हवं," मी म्हणालो.

"तिला यात ओढू नकोस. डिलिव्हरीचं टेन्शन आहे तिकडे. आणि तिला गनमधलं काय कळतं?"

बाळंतपणाचं घर, म्हणून मीही ते शेवटी ठेवलं. रायफल मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतली.

क्लबात बातमी पोचायला वेळ लागला नाही. एका सभासदानं फोन करून नाव न सांगता खबर दिली की मास्तर नुकतेच गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या जत्रेत, एक जुनी रायफल विकताना दिसले होते. आता संशयाला बळ आलं. क्लबनं मास्तरांकडून मैदानाची किल्ली काढून घेतली. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना खरं-खोटं शिकवलं, त्याला गाव चोर म्हणू लागलं होतं.

मी त्यांना ठाण्यात बोलावलं. अटक नाही, केव्हाही उठून जाऊ शकता, हे आधी स्पष्ट सांगितलं. गन शोचं विचारल्यावर त्यांनी सरळ गिऱ्हाइकाचं नाव दिलं. मी तिथूनच फोन लावला. विकलेली बंदूक भलतीच होती, मास्तरांची स्वतःची, चकमकीच्या गारेच्या ठिणगीवर उडणारी. खबर तिथंच निकालात निघाली. मग मी टेबलावर काकांची रायफल ठेवली.

इतक्या वर्षांत मी पुष्कळ संशयित पाहिले. खोटा माणूस आधी स्वतःला सांभाळतो. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. नळीवरून बोट फिरवलं आणि त्यांचे डोळे भरले.

"हे कुणी केलं हिला?" ते म्हणाले. "ही तीच आहे. घोड्याच्या आतला स्क्रू मी स्वतः बसवलाय. कॉपी नाही ही. कुणीतरी सोलून काढलीय हिला."

मला ते पटलं. पण माझं पटणं म्हणजे पुरावा नव्हे. स्क्रू काय, कॉपीतही बसवता येतो, असं काका म्हणालेच असते.

मास्तर गेल्यावर मी रायफल परत मुद्देमालाच्या खोलीत नेली. पेटी बंद करताना वास आला. क्लबातली माणसं नळीला मेण नाहीतर यंत्राचं तेल लावतात. हा वास माझ्या आईच्या केसांचा होता. मी लाकडी दस्त्यातलं चिंध्या ठेवायचं छोटं पितळी झाकण उघडलं. आत तांदळाचे लाल दाणे. अक्षता!

मी एकटाच मोठ्यानं हसलो. माझी आई दर खंडेनवमीला माझं सर्व्हिस पिस्तूल रिकामं करायला लावून पाटावर मांडायची आणि हळदकुंकू वाहायची. नळीत कुंकू जाऊ नये म्हणून मी समोर उभा. ठाण्यातल्या दुसऱ्या कुणाला त्या दाण्यांचा अर्थ लागला नसता.

फ्रिस्कोला फोन लावला.

"काकू, बाळ-बाळंतीण बरी आहेत ना?"

"अगदी छान! मुलगी झाली रे. ह्यांनी करायला सांगितला का फोन?"

"नाही, मीच केला. काकू, यंदा खंडेनवमी केलीत?"

"केली की! हे नव्हते म्हणून काय झालं? ह्यांची ती लाडकी रायफल काढली, तर इतकी काळीकुट्ट! देवापुढे कशी ठेवायची तशी? चिंच लावली, तारेच्या घासणीनं नळी घासली, मग खोबरेल चोळलं. हात भरून आले माझे. म्हटलं, ह्यांना सरप्राइज. पाहिली का रे त्यांनी?"

"पाहिली काकू. फार सरप्राइज झाले."

काकांना ठाण्यात बोलावून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू चल माझ्याबरोबर. एकट्याला त्याच्यासमोर उभं राहायला जमणार नाही."

आम्ही दोघं मास्तरांच्या दारात गेलो. काकांनी हात जोडले. इंग्रजीत माफी मागता मागता मध्येच मराठीत शिरले आणि रडू लागले. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, "तिला सांगितलंस, तिच्या हातून काय झालं ते?"

"नाही."

"मग सांगू नकोस. तिनं मायेनं केलंय."

तक्रार मागे घेतली गेली. क्लबनं किल्ली परत दिली आणि काकांनी सगळ्या सभासदांसमोर उभं राहून आपली चूक कबूल केली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. चोर पकडल्यावर वाटतं त्याहून जास्त.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. चौकशीत 'कुणी केलं' हा पहिला प्रश्न नव्हेच; आधी 'घडलं काय' ते विचारावं. आणि जिला यातलं काही कळत नाही असं घरातले ठामपणे सांगतात, तिला सगळ्यात आधी विचारावं. नव्या डिटेक्टिव्हांना मी हे सांगत आलो, मात्र चिंचेचा भाग त्यांना कधी समजावता आला नाही.

रायफलचा रंग परत चढायला आम्हा तिघांची आयुष्यं पुरणार नाहीत. पण मास्तरांनी खरोखरच एक कॉपी विकत आणली. दर वर्षी खंडेनवमीच्या आधी ते गुपचूप काकांकडे येतात, खरी रायफल उचलून नेतात आणि पेटीत कॉपी ठेवतात. काकू ती मन लावून चिंचेनं घासतात. ज्या गुन्ह्याचा मास्तरांवर आळ आला, तो ते आता फिर्यादीच्या संमतीनं नेमानं करतात. सगळं माहीत असूनही मी त्या पूजेला जातो, प्रसाद खातो आणि काकूंना सांगतो, यंदा काय चमकतेय हो.